किनाऱ्यावरच्या लोकशिक्षणाला पैसा कुठून येतो, कुठे अडतो

कोकण किनाऱ्यावर कासवं, कांदळवनं, डॉल्फिन आणि जलदुर्ग यांच्या नावाने पैसा येतच नाही असं नाही. येतो तो बहुतेक वेळा वस्तूंसाठी: फलक, टोप्या, कचरापेट्या, एका दिवसाची किनारा सफाई. त्याच बंदरावर वर्षभर जाऊन तांडेल (बोटीचे प्रमुख), खलाशी, मासळी विकणाऱ्या बायका आणि शाळेतली मुलं यांच्याशी बोलत राहणाऱ्या माणसाच्या पगाराची वेळ आली की हात आखडता घेतला जातो. लोकशिक्षण मात्र त्या माणसावरच उभं असतं. म्हणून या लेखात पैशाच्या वाटांबरोबर एक गोष्ट वारंवार येईल: अंदाजपत्रकात माणसाच्या वेळेचा खर्च कसा मांडायचा आणि तो देणाऱ्याकडून मान्य कसा करून घ्यायचा.

हे शिक्षण का लागतं याची दोन उदाहरणं आपल्याच किनाऱ्यावर आहेत. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर. ज्यांची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आणि इतर जाळी त्या पाण्यात चालत होती त्यांना पुरेसं विश्वासात घेतलं गेलं नाही. त्यातून उभा राहिलेला विरोध पुढे कित्येक वर्षं शमला नाही, आणि अभयारण्य बराच काळ कागदावरच राहिलं. उलट रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. जिथे अंडी पळवली जात होती तिथे गावातलीच माणसं पहाटे किनारा फिरून घरटी शोधू लागली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि घरगुती मुक्कामातून गावात पैसा येऊ लागला. वन्यजीव संरक्षण कायदा दोन्हीकडे एकच होता. वेळासला माणसांवर वेळ खर्च झाला होता.

आधी खर्चाचा हिशेब

समजा पाच किनारी गावांत वर्षभर काम करायचं आहे. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, आपापल्या तालुक्यातल्या दरांप्रमाणे बदला.

एक समन्वयक, महिना २५,००० रुपये: वर्षाचे ३ लाख. गावातलेच दोन कार्यकर्ते, प्रत्येकी महिना १२,०००: २ लाख ८८ हजार. प्रवास महिन्याला ८,००० धरला तर ९६ हजार. परवानाधारक प्रवासी बोटीच्या दहा फेऱ्या, फेरीमागे ४,०००: ४० हजार. जुने तांडेल, रापणकर, कालवं काढणाऱ्या बायका यांना शिकवायला बोलावलं तर त्यांचं मानधन, चाळीस सत्रं प्रत्येकी ८०० रुपये: ३२ हजार. छापील आणि शिकवण्याचं साहित्य ६० हजार. पंचवीस लाइफ जॅकेट ३० हजार. विमा १५ हजार. हिशेब आणि लेखापरीक्षण ४५ हजार. मूल्यमापन ४० हजार. बेरीज ९ लाख ४६ हजार. त्यावर पाच टक्के आकस्मिक खर्च धरला की ९ लाख ९३ हजार, म्हणजे गावामागे वर्षाला साधारण दोन लाख.

यातला जवळपास ६२ टक्के खर्च पगार आणि मानधनाचा आहे. देणगीदार इथेच भुवया उंचावतात. तो आकडा कमी करण्यासाठी कार्यकर्त्याचा पगार ‘प्रशिक्षण खर्च’ किंवा ‘साहित्य’ अशा नावाखाली लपवू नका. लेखापरीक्षणात तो बाहेर येतो आणि पुढचा हप्ता थांबतो. शिकवणं हेच या प्रकल्पाचं काम आहे, म्हणून शिकवणाऱ्याचा पगार हा प्रकल्पाचा थेट खर्च आहे, असं सरळ लिहा. कार्यकर्त्याने कोणत्या दिवशी, कोणत्या बंदरावर, किती लोकांशी काय काम केलं याची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवली की हे पटवून देता येतं.

मानधनाची ओळ कापू नका. पहाटे समुद्रावर जाणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस फुकट मागायचा आणि शहरातून आलेल्या व्याख्यात्याला मात्र पाकीट द्यायचं, हे गावात लगेच लक्षात येतं.

कंपन्यांचा पैसा

मोठा झरा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. कोणत्या कामावर, ते सातव्या अनुसूचीत दिलं आहे. शिक्षण, पर्यावरण व जीवसृष्टीचं रक्षण आणि राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती या तीन वेगवेगळ्या नोंदी तिथे आहेत. आपलं काम या तिन्हींत बसतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एकाच प्रस्तावात कासव, किल्ला आणि शाळा एकत्र कालवले की कंपनीच्या समितीला तो कोणत्या नोंदीखाली दाखवायचा ते कळत नाही. एक मुख्य नोंद निवडा आणि बाकीचं तिच्या आधाराने मांडा.

पैसा घेणाऱ्या संस्थेसाठी अटी अशा: ती नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ ची (नफ्यासाठी नसलेली) कंपनी असावी, आयकराचे १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) हे दाखले असावेत, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळणारा क्रमांक असावा. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण व्यवहारात हे दाखले अजून जुन्याच नावांनी मागितले जातात.

गावातली मच्छीमार सहकारी संस्था सहसा या चौकटीत बसत नाही, कारण तिच्याकडे हे दाखले नसतात. अशा वेळी दाखले असलेल्या न्यासाबरोबर लेखी करार करून काम वाटून घ्यायचं. करारात पैसे कोण खर्च करणार, बिलं कोणाच्या नावाने येणार आणि विकत घेतलेल्या वस्तू शेवटी कोणाच्या राहणार, या तीन गोष्टी हव्यातच. तिसरी गोष्ट राहून जाते आणि प्रकल्प संपल्यावर दुर्बिणी न्यासाच्या कपाटात कुलूपबंद होतात. सीएसआरच्या पैशातून झालेली भांडवली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहूच शकत नाही. ती पात्र संस्था, लाभार्थींचा गट किंवा शासकीय यंत्रणा यांच्याकडेच जावी लागते.

आता प्रशासकीय खर्चाच्या पाच टक्क्यांबद्दल. ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही’ असं सांगून कार्यकर्त्यांचे पगार कापायला लावणारे अधिकारी पुष्कळ भेटतात. नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराला आहे. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात धरायचा नसतो. शाळेच्या प्रकल्पात शिक्षकाचा पगार प्रकल्पखर्च असतो, तसाच किनाऱ्यावरच्या कार्यकर्त्याचाही. हे नियमाच्या आधाराने, शांतपणे, प्रस्तावाच्या अंदाजपत्रकाखालीच टीप म्हणून लिहून ठेवा.

दुसरा मुद्दा त्याहून उपयोगी आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या जून २०१४ च्या परिपत्रकात (ते ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकाने मागे पडलं) म्हटलं होतं की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिराती यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर खर्च म्हणून धरता येत नाहीत, काम प्रकल्पाच्या स्वरूपात हवं. म्हणजे दोनशे कर्मचारी बसने आणून एक दिवस किनारा झाडायचा आणि फोटो काढून परत जायचं, हा मंत्रालयाच्या त्या भूमिकेनुसारही कच्चा मामला होता. कंपनीला हेच पुढे करून वर्षभराचा कार्यक्रम मागता येतो. किनारा सफाई हवीच असेल तर ती बारा महिन्यांच्या कामातला एक दिवस म्हणून ठेवा.

आर्थिक वर्ष आणि मासेमारीचं वर्ष

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे फसतात. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. नवी मंजुरी पावसाळ्यात किंवा त्यानंतर, पहिला हप्ता बऱ्याचदा ऑक्टोबरच्या पुढे, आणि ‘३१ मार्चच्या आत खर्च दाखवा’ असा तगादा फेब्रुवारीत.

किनाऱ्याचं वर्ष वेगळं चालतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. जाळी विणणं, बोटी डागडुजी करणं, इंजिनं उघडणं हे याच दोन महिन्यांत होतं आणि स्थानिक माणसं बंदरावर भेटतात. मच्छीमारांशी दोन-दोन तास बोलायचं तर हीच वेळ. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम भरात आला की तेच लोक मिनिटभर थांबायला तयार नसतात, आणि ते बरोबरच आहे. पुढे गणपतीत कोकणात कोणताही कार्यक्रम ठेवू नये, शिमग्यातही नाही. कासवांची घरटी साधारण नोव्हेंबरपासून सुरू होतात, पिल्लं बाहेर पडायचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल. शाळा जूनमध्ये उघडतात, मार्च-एप्रिल परीक्षांचे.

हे दोन तक्ते एकमेकांवर ठेवले की दिसतं: मच्छीमारांशी बोलायचा उत्तम काळ म्हणजे जून-जुलै, आणि तेव्हा खात्यात पैसे नसतात. उपाय आहे. प्रस्ताव ‘चालू प्रकल्प’ म्हणून एकापेक्षा जास्त वर्षांचा मांडा. नियमाप्रमाणे असा प्रकल्प सुरुवातीचं आर्थिक वर्ष वगळून पुढे तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. ३१ मार्चला उरलेली रक्कम कंपनीला तीस दिवसांत वेगळ्या ‘अखर्चित’ खात्यात टाकून त्याच कामासाठी राखता येते. प्रकल्प एकाच वर्षाचा दाखवला असेल तर ही सोय नाही, आणि मार्चमध्ये घाईघाईने फलक छापले जातात. मंजुरीच्या पत्रात ‘चालू प्रकल्प’ हे शब्द आहेत का, ते पत्र हातात पडताच पाहा.

मोठ्या ट्रॉलरवरचे खलाशी बहुधा बाहेरचे असतात. रत्नागिरी परिसरातल्या बोटींवर नेपाळी तरुण बरेच आहेत. बंदीच्या काळात ते गावी गेलेले असतात. त्यांच्यासाठीचं सत्र ऑगस्टच्या आरंभी, बोटी सुटायच्या आधीच्या दिवसांत, हिंदी आणि नेपाळीतून ठेवावं लागतं. जाळ्यातून कासव काढणारे हात बहुतेकदा त्यांचेच असतात.

नेमकं शिकवायचं काय

‘समुद्र वाचवा’ या वाक्यावर कोणी पैसा देऊ नये. पैसा मागावा तो ठरावीक कृती शिकवण्यासाठी. दोन उदाहरणं बघू.

पहिलं: संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला तर काय करायचं. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या योजनेत कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचा फोटो किंवा चित्रफीत पुरावा म्हणून लागते, आणि बोट नोंदणीकृत असावी लागते. पुष्कळ ठिकाणी ‘मारू नका, गुन्हा आहे’ एवढंच सांगितलं जातं, भरपाईचा अर्ज कसा करायचा ते नाही. सत्रात तीनच गोष्टी हाताने करून घ्या: जाळं कापून प्राणी सोडताना दुसऱ्याने फोन आडवा धरून चित्रीकरण करायचं, बोटीचा क्रमांक त्यात दिसला पाहिजे, आणि बंदरावर आल्यावर मत्स्यव्यवसाय विभागाचा अर्ज भरायचा. कोरे अर्ज मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात ठेवा. या सत्राचा खर्च शे-दोनशे रुपयांच्या छायाप्रती आणि कार्यकर्त्याचा दिवस एवढाच.

दुसरं: लहान मासळी. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे, आणि रुपेरी पापलेट त्याच वर्षी राज्यमासा झाला. लिलावाच्या टेबलावर चिकटवायची प्लास्टिकची पट्टी बनवा: पापलेटचं चित्र आणि १३५ वर जाड लाल रेघ. शाई खाऱ्या पाण्यात आणि बर्फात टिकणारी हवी, साधी फ्लेक्स छपाई महिन्याभरात पुसट होते. छापण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याकडून मोजमाप तपासून घ्या, विशेषतः शेपटीच्या खाचेपर्यंत मोजायचं की टोकापर्यंत. चुकीची पट्टी बाजारात गेली की पहिल्याच लिलावाला भांडण होतं आणि मग तुमच्या बरोबर असलेल्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मासळी विकणाऱ्या बायकांना वगळून हा विषय शिकवता येत नाही, कारण लहान पापलेट विकत घ्यायचं की नाही हे त्याच ठरवतात. त्यांचं सत्र बाजार उठल्यावर दुपारी, बाजारातच घ्या.

जलदुर्ग आणि कोळ्यांचा वारसा

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राशी जोडलेले आहेत. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. परवानगी कोणाकडे मागायची हे यावरून ठरतं. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये नियंत्रण असतं. शैक्षणिक फलकासाठी किल्ल्यात खांब रोवायचे असतील तरी लेखी परवानगी हवी, आणि तिला महिने लागतात. परवानगीआधी फलक बनवून घेतले की ते ग्रामपंचायतीच्या पडवीत पडून राहतात. फलकांऐवजी प्रशिक्षित स्थानिक मार्गदर्शकांवर पैसा घातलेला आम्हाला जास्त योग्य वाटतो, निदान पहिल्या वर्षी.

आणि वारसा म्हणजे फक्त तटबंदी नव्हे. खांदेरीवर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांच्या विरोधात तट उभारला, हे मुलांना सांगावंच. त्याच बेटावर कोळ्यांचा वेताळ आहे, तिथे आजही ते श्रद्धेने जातात, हेही सांगावं. कुठल्या खडकाला काय नाव आहे, वाऱ्यावरून आणि पाण्याच्या रंगावरून मासळी कशी ओळखायची, रापणीत वाटे कसे पडतात, हे ज्ञान कागदावर आणायला जैवविविधता कायदा २००२ ने एक घर दिलं आहे: गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोक जैवविविधता नोंदवही. शाळेच्या मुलांनी आजी-आजोबांकडून गोळा केलेली माहिती, सांगणाऱ्याच्या संमतीने, तिथे नोंदवता येते. समितीचा स्थानिक जैवविविधता निधीही असतो. तो बहुतेक गावांत रिकामा आहे, पण खातं उघडून ठेवलं तर बाहेरचा पैसा घ्यायला जागा तयार राहते.

मुलांना किल्ल्यावर किंवा खाडीत नेताना मासेमारी बोट वापरू नका. तिला प्रवासी नेण्याचा परवाना नसतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना असलेली बोट, प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट, पालकांचं संमतिपत्र. प्रौढांचं जॅकेट आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून निघून येतं, म्हणून निम्मी जॅकेट लहान मापाची घ्या. पावसाळ्यात फेऱ्या बंदच असतात.

बाकीच्या वाटा

सरकारी बाजूला राज्याची कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना २०१७ पासून आहे. खेकडे, कालवं, मत्स्यपालन, निसर्ग पर्यटन यांसाठी गटाला ९० टक्के आणि व्यक्तीला ७५ टक्के अनुदान. हा थेट शिक्षणाचा पैसा नाही, पण वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात तेव्हा शिक्षण आपोआप होतं, आणि तिकिटातून त्याचा खर्चही निघतो. अशा गटाने दर तिकिटामागे काही रुपये शाळांच्या फेऱ्यांसाठी बाजूला काढायचे असा ठराव केला तर तो पैसा कोणाच्या मंजुरीवर अडत नाही. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते. तिथे प्रस्ताव संस्थेने स्वतः न देता वन, मत्स्यव्यवसाय किंवा शिक्षण विभागामार्फत जावा लागतो.

परदेशातल्या मराठी मंडळींनी एक फरक नीट समजून घ्यावा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी देणगी मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँक शाखेतलं खातं लागतं, आणि त्या नोंदणीसाठी तीन वर्षांचं काम व तेवढ्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. असा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाही. म्हणून न्यू जर्सीतल्या गावकऱ्याने प्रेमाने पाठवलेले पाचशे डॉलर स्वीकारण्याआधी पासपोर्ट कोणता, हे विचारायचं. पैसे खात्यात आल्यावर विचारून उपयोग नसतो.

अहवालात काय मोजायचं

‘३,००० विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलो’ हा आकडा कोणीही तपासू शकत नाही. त्याऐवजी सुरुवातीला आणि वर्षाअखेरीला तेच पाच प्रश्न त्याच चाळीस लोकांना विचारा. उदाहरणार्थ, कासव अडकलं तर पहिला फोन कोणाला कराल, भरपाईला कोणता पुरावा लागतो. त्याबरोबर गावातून किती सुटकांची नोंद झाली, किती अर्ज गेले, किती मंजूर झाले, किती फेटाळले आणि कशामुळे, हे लिहा. फेटाळलेल्या अर्जांची कारणं हा अहवालातला सगळ्यात मौल्यवान भाग असतो, कारण पुढच्या वर्षी काय शिकवायचं ते त्यातून कळतं.

सुटकांचा आकडा पहिल्या वर्षी वाढला तर घाबरू नका. प्राणी जास्त अडकू लागले असं त्यावरून ठरत नाही. लोक आता सांगू लागले असण्याची शक्यता जास्त, आणि हे देणाऱ्याला आधीच, प्रस्तावातच लिहून द्या.